कमला निंबकर

कमला विष्णू निंबकर (जन्म : १९००, निधन : १९७९), पूर्वाश्रमीच्या एलिझाबेथ लंडी, या अमेरिकेत जन्मलेल्या भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ होत्या. १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी भारतातील पहिली संस्था सुरू केली. भारतातील पुनर्वसन सेवांच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते.

प्रारंभिक जीवन

एलिझाबेथ यांचा जन्म अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात माउंट हॉली येथे एका क्वेकर कुटुंबात झाला. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करण्यासाठी १९३० साली त्या मुंबईत आल्या. विवाहाच्या वेळी त्यांनी हिंदू धर्म स्वीकारून कमला हे नाव घेतले. पुढील सर्व आयुष्यभर भारत हीच त्यांची कर्मभूमी राहिली.

व्यवसायोपचाराकडे वळण

दुसऱ्या महायुद्धात गंभीर जखमा होऊनही अनेक सैनिक वाचले. त्यामुळे रुग्णाचा जीव वाचल्यानंतर त्याने पुढे जगायचे कसे, हा प्रश्न वैद्यकापुढे ठळकपणे उभा राहिला. व्यवसायोपचार हे त्यावरील एक उत्तर होते. या उपचारात हात-पाय अधू झालेल्या रुग्णाला जेवणे, कपडे घालणे, लिहिणे, घरकाम करणे, उपजीविकेचे काम करणे अशा प्रत्यक्ष कृतींमधून पुन्हा सक्षम केले जाते. आवश्यक तेथे आधारपट्ट्या (स्प्लिंट) व सोयीची साधने बनवून दिली जातात.

कमलाबाईंनी वयाच्या पंचेचाळिशीनंतर अमेरिकेत जाऊन फिलाडेल्फिया येथे या विषयाचे रीतसर शिक्षण घेतले. त्या परतल्या तेव्हा भारतात हा विषय शिकण्याची सोय नव्हती. एकटीने रुग्णसेवा करण्यापेक्षा उपचारतज्ज्ञ घडवणारी संस्था उभारणे त्यांनी अधिक महत्त्वाचे मानले.

संस्थात्मक कार्य

के.ई.एम. रुग्णालयातील शिक्षणसंस्थेनंतर १९५२ साली त्यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे व्यवसायोपचारतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाची स्थापना झाली आणि त्याच्या दहा संस्थापक सदस्य देशांत भारताचा समावेश झाला. अभ्यासक्रम सुरू होऊन अवघी दोन वर्षे झालेल्या देशाला हे स्थान मिळाले. पुढे नागपूर येथेही व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू करण्यात त्यांचा वाटा होता. आशियातील पुनर्वसन कार्याला वाहिलेल्या एका इंग्रजी नियतकालिकाचे संपादनही त्यांनी केले.

पुनर्वसन वैद्यकाच्या शिक्षणाशी संबंध

याच काळात डॉक्टरांसाठीही भौतिक वैद्यक व पुनर्वसन ही स्वतंत्र विशेष शाखा आकार घेत होती. अमेरिकेत फ्रँक क्रूसेन यांनी १९३६ साली मेयो क्लिनिकमध्ये या शाखेचे तीन वर्षांचे निवासी प्रशिक्षण सुरू केले, तर १९४७ साली तिला स्वतंत्र परीक्षा मंडळ मिळाले. भारतात १९५५ साली मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. म्हणजेच मुंबईत पुनर्वसनासाठी राष्ट्रीय संस्था उभी राहण्यापूर्वी पाच वर्षे व्यवसायोपचारतज्ज्ञांचे शिक्षण सुरू झाले होते.

भारतात या शाखेची एम.डी. पदवी तीन वर्षांची असते. पक्षाघात, मज्जारज्जूची इजा, मेंदूचा पक्षाघात असलेली मुले, अवयव गमावलेल्या व्यक्ती अशा रुग्णांची तपासणी करून उपचारांची दिशा ठरवणे निवासी डॉक्टर शिकतात. मात्र ते एकट्याने काम करीत नाहीत. भौतिकोपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ, कृत्रिम अवयव बनवणारे तंत्रज्ञ, वाचोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवक यांच्या पथकाचे नेतृत्व करणे हा त्यांच्या प्रशिक्षणाचा गाभा असतो. रुग्णाच्या बोटांत किती ताकद आली हे तपासणीत कळते. त्या बोटांनी त्याला भाकरी मोडता येते का, हे व्यवसायोपचारतज्ज्ञ पाहतो. या पथकातील एक आवश्यक दुवा भारतात घडवण्याचे श्रेय निंबकर यांच्याकडे जाते.

कुटुंब व वारसा

त्यांचे पुत्र बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली सातारा जिल्ह्यातील फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. लेखिका जाई निंबकर या त्यांच्या स्नुषा होत. फलटण येथे मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने १९८६ साली सुरू केलेल्या मराठी माध्यमाच्या शाळेला कमला निंबकर बालभवन असे नाव देण्यात आले आहे.