पुसून टाकायची चित्रं लोकरीत विणणारे नवाहो वैद्य : होस्टीन क्ला

तासन् तास बसून जमिनीवर चित्र काढायचं आणि विधी संपला की मोडून टाकायचं. अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींचा हा पिढ्यान् पिढ्यांचा नियम. १९१९ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या एका वैद्यानं तो मोडला.

त्यांचं नाव होस्टीन क्ला. 'होस्टीन' हे आदरानं लावायचं संबोधन, तर 'क्ला' म्हणजे डावखुरा.

क्ला यांचा जन्म १८६७ चा, न्यू मेक्सिकोतला. त्याच्या तीन वर्षं आधी अमेरिकन लष्करानं हजारो नवाहोंना घरादारातून हुसकावलं, शेकडो किलोमीटर चालवत नेलं आणि बॉस्के रेडोंडो इथं डांबून ठेवलं. १८६८ च्या तहानंतर हे लोक आपल्या मुलखात परतले.

क्ला लहानपणापासून उपचारविधी शिकले. हे सोपं काम नाही. काही विधी नऊ रात्री चालतात आणि त्यातली सगळी गाणी तोंडपाठ असावी लागतात.

चित्र मोडतात का?

रंगीत वाळू, दगडाची पूड, कोळसा आणि परागकण चिमटीनं सोडून देवतांचं चित्र काढलं जातं. आपल्याला पाहताक्षणी रांगोळी आठवेल, पण याचं काम वेगळं आहे. रुग्णाला थेट चित्रावर बसवतात. देवतांची शक्ती त्याच्यात येते आणि आजार वाळूत उतरतो, अशी श्रद्धा आहे. म्हणून ती वाळू नंतर ठेवत नाहीत.

मग क्ला यांनी काय केलं?

नवाहोंमध्ये विणकाम मुख्यतः बायकांचं. पण क्ला 'नादलेही' होते. स्त्री आणि पुरुष या दोन्हींपलीकडची ही ओळख नवाहो परंपरेत आहे. त्यामुळे ते वैद्यही झाले आणि विणकरही. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात त्यांनी विणकामाचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं.

१९१९ मध्ये मात्र त्यांनी मागावर थेट विधीतलं चित्र घेतलं. इतर वैद्य संतापले. पवित्र चित्र कायमचं केलं तर विणणाऱ्यावर आणि समाजावर संकट येईल, ही भीती खरी होती. क्ला थांबले नाहीत. त्यांनी पुढे आपल्या भाच्यांनाही अशी चित्रं विणायला शिकवलं.

यामागे एक काळजी होती. नवाहो मुलांना सरकारी वसतिशाळांमध्ये नेऊन त्यांची भाषा आणि श्रद्धा सोडायला लावलं जात होतं. क्ला यांनी तयार केलेला शिष्य १९३१ मध्ये वारला. इतकी वर्षं पाठ केलेलं सगळं सोपवायचं कुणाकडे?

मेरी कॅबट व्हीलराइट या श्रीमंत अमेरिकन बाईंना त्यांनी आपली गाणी आणि कथा लिहून घेऊ दिल्या. एका व्यापाऱ्याच्या पत्नी फ्रँक न्यूकोम्ब यांनी त्यांची वाळूचित्रं कागदावर उतरवली. क्ला आणि व्हीलराइट यांनी मिळून सांता फे इथं संग्रहालय उभं करायचं ठरवलं. इमारतीचा आकार 'होगान' या पारंपरिक नवाहो घरासारखा.

फेब्रुवारी १९३७ मध्ये क्ला गेले. संग्रहालय त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूनंतर उघडलं.

१९७७ मध्ये या संग्रहालयानं काही पवित्र वस्तू नवाहोंना परत केल्या. त्या काचेआड ठेवायच्या नव्हत्या, विधीत वापरायच्या होत्या. क्ला यांना शिष्य मिळाला असता, तर त्यांनीही कदाचित त्या शिष्याच्याच हाती दिल्या असत्या.