जे. सी. कुमारप्पा : गावापासून सुरू होणारा भूगोल



तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात आपल्या वर्धा जिल्ह्याचा नकाशा आहे. मुलं आठही तालुके पटापट सांगतात. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर. नद्या विचारल्या तर वर्धा, वेणा, बोर, धाम, यशोदा ही नावंही पाठ असतात. पण त्याच मुलाला विचारून पाहा, बाळा, तुझ्या घरची पऱ्हाटी वेचून झाल्यावर तो कापूस कुठं जातो? सरकी वेगळी कुठं होते? तिचं तेल आणि ढेप कोण काढतं, आणि घरी येणारा तेलाचा पुडा कुठून येतो? इथं वर्ग गप्प होतो. आणि खरं सांगायचं तर घरी पालकांना विचारलं तरी बरेचदा उत्तर अर्ध्यावरच थांबतं.

हेच प्रश्न एका माणसाने आपल्या वर्ध्यात बसून आयुष्यभर विचारले. वर्धा शहरात मगन संग्रहालयाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे, कुमारप्पा मार्ग. आपण त्या रस्त्याने जातो, पण कुमारप्पा कोण हे मुलांना क्वचितच सांगतो. आज त्यांचं चरित्र थोडं सविस्तर पाहूया.

जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचा जन्म 4 जानेवारी 1892 रोजी तमिळनाडूतील तंजावर येथे झाला. कुटुंब ख्रिस्ती, सुशिक्षित, शिस्तीचं. घराण्याचं आडनाव कॉर्नेलियस असं चालत होतं. पुढे त्यांनी आणि त्यांच्या भावाने कुमारप्पा हे पूर्वजांचं नाव पुन्हा घेतलं. तरुणपणी ते लंडनला गेले, हिशेब तपासनीसाचं शिक्षण पुरं केलं आणि मुंबईला येऊन व्यवसाय सुरू केला. सूट, टाय, टापटीप सगळी साहेबी. पैसाही चांगला मिळत होता.

1927 साली ते अमेरिकेत गेले. सिरॅक्यूज विद्यापीठात व्यापार व्यवस्थापन शिकले, मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र. तिथं एका चर्चमध्ये त्यांनी भाषण दिलं. विषय होता भारत गरीब का आहे. त्या भाषणाची बातमी वर्तमानपत्रात आली. ती वाचून प्राध्यापक सेलिग्मन यांनी त्यांना सुचवलं की याच विषयावर प्रबंध लिहा. कुमारप्पांनी इंग्रज सरकारची कागदपत्रं उघडली. कर किती गोळा होतो, तो कशावर खर्च होतो, हे ते हिशेबनिसाच्या नजरेने पाहू लागले. वह्या त्यांच्या ओळखीच्याच होत्या, पण या वेळी त्या एका देशाच्या होत्या. जमा गावातून होतंय आणि खर्च भलतीकडे होतोय, हे आकड्यांतूनच त्यांना दिसलं. मुंबईचा यशस्वी हिशेबनीस इथून बदलायला लागला असं मला वाटतं.

हा प्रबंध छापावा या इच्छेने ते 9 मे 1929 रोजी साबरमतीला गांधीजींना भेटले. ही भेट मुलांना सांगायला फार छान आहे. सूटबूट घातलेले कुमारप्पा ठरलेल्या वेळेआधी पोचले. शेणाने सारवलेल्या जमिनीवर, झाडाखाली एक म्हातारा सूत कातत बसला होता. हेच गांधीजी हे त्यांच्या आधी लक्षातच आलं नाही. मग तेही कडक इस्त्रीच्या पँटीसकट त्या सारवलेल्या जमिनीवर बसले. गांधीजींनी प्रबंध आपल्या 'यंग इंडिया' साप्ताहिकातून छापायचं कबूल केलं, आणि सोबत एक कामही दिलं. गुजरातमधील एखाद्या भागातील गावांची आर्थिक पाहणी करा. कुमारप्पा म्हणाले, मला गुजराती येत नाही. गांधीजींनी सांगितलं की गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी तुमच्या मदतीला देतो.

असा सुरू झाला मातर तालुक्याचा अभ्यास. खेडा जिल्ह्यातील 54 गावं. विद्यार्थी घरोघर जाऊन विचारत. जमीन किती, कोणत्या प्रतीची, पाणी कुठलं, पीक कोणतं, बैल किती, कर्ज किती, सारा किती. मित्रांनो, यातले निम्मे प्रश्न आपल्या भूगोलातलेच आहेत, पाहा! माती, पाणी, पीक, पशुधन, व्यवसाय. फरक इतकाच की आपण त्यांना प्रकरण 1, प्रकरण 2 म्हणतो, आणि त्या विद्यार्थ्यांनी ते एका माणसाच्या अंगणात उभं राहून विचारले. कोलंबियात कागदावर पाहिलेली गरिबी कुमारप्पांनी इथं समोर पाहिली.

पुढे मिठाचा सत्याग्रह झाला, 'यंग इंडिया'तल्या लेखांबद्दल तुरुंगवास झाला. 1934 च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांनी सांभाळले. त्या काळाचं फार सांगत बसत नाही, कारण आपल्याला वर्ध्याला यायचं आहे.

डिसेंबर 1934 मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी त्यासाठी आपली बाग आणि घर दिलं. गांधीजींचे पुतणे आणि निष्ठावान सहकारी मगनलाल गांधी यांच्या आठवणीसाठी त्या जागेचं नाव मगनवाडी ठेवलं. कुमारप्पा संघाचे चिटणीस झाले आणि मगनवाडीतच राहू लागले. त्यांचे भाऊ भारतन हेही कामात होते. गांधीजी सेवाग्रामला राहायला गेले 1936 मध्ये, त्याआधी त्यांचाही मुक्काम मगनवाडीतच होता.

मगनवाडीत ग्रामसेवक विद्यालय होतं. हे आजच्या भाषेत कम्युनिटी कॉलेजच म्हणा ना! वेगवेगळ्या प्रांतांतून तरुण यायचे, शिकून परत आपापल्या भागात जायचे. तेलघाणी कशी चालवायची, हातकागद कसा करायचा, मधमाश्या कशा पाळायच्या, ताडाच्या रसापासून गूळ कसा करायचा, तांदूळ न घासता कसा सडायचा, आणि या सगळ्याचा हिशेब कसा ठेवायचा. यातला कोणताही उद्योग घ्या, तो भूगोलाशिवाय शिकताच येत नाही. घाणीला तीळ, जवस, भुईमूग लागतो, म्हणजे कोणत्या मातीत काय पिकतं ते आलं. ताडगूळ करायचा तर शिंदी आणि ताड कुठं वाढतात ते पाहावं लागतं. मधमाशीसाठी कोणत्या महिन्यात कोणती झाडं फुलतात हे माहीत हवं. हातकागदासाठी लगदा, आणि लगद्यासाठी पाणी. म्हणजे ऋतू, माती, वनस्पती आणि पाणी हे चारही धडे एकाच अंगणात.

इथल्या प्रयोगांतून मगन चूल निघाली, धूर कमी करणारी. मगन दिवा निघाला, रॉकेलऐवजी गावात मिळणाऱ्या तेलावर जळणारा. रॉकेल बाहेरून येतं आणि त्याच्यासाठी गावचा पैसा बाहेर जातो, हे त्यामागचं कारण. 'ग्राम उद्योग पत्रिका' हातकागदावर छापली जाई. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. सहलीला सेवाग्राम आणि पवनार सगळे दाखवतात, पण हे संग्रहालय पुष्कळदा राहूनच जातं. तिथं मुलांना जरूर न्या. घाणी आणि चरखे समोर उभं राहून बघण्यात वेगळी मजा आहे.

आपण डी.एड. करताना नई तालीम हा घटक वाचला आहेच. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासक्रम ठरवायला समिती नेमली गेली. परीक्षेसाठी आपण झाकीर हुसेन यांचं एकच नाव लक्षात ठेवतो. पण त्या समितीत विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, आर्यनायकम दांपत्य यांच्याबरोबर कुमारप्पाही होते. त्या अभ्यासक्रमात इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र असे वेगळे कप्पे न करता सामाजिक अभ्यास हा एकच विषय ठेवला होता. आज आपण तिसरी-चौथीला परिसर अभ्यास शिकवतो तेव्हा थोडंफार त्याच वाटेने चालत असतो.

त्या सुमारास मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारने उद्योगांची पाहणी करायला समिती नेमली, अध्यक्ष कुमारप्पा. त्यांनी पुन्हा तेच केलं. 600 हून अधिक गावांची पाहणी. आधी पाहायचं, मोजायचं आणि मगच सल्ला द्यायचा, हा त्यांचा शिरस्ता होता.

1942 च्या आंदोलनात त्यांना पुन्हा अटक झाली. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी जे पुस्तक लिहिलं ते 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स'. नाव जड आहे, पण त्यातली एक गोष्ट चौथीच्या मुलालाही कळेल. निसर्गातली संपत्ती दोन प्रकारची. एक साठ्याची, म्हणजे कोळसा, पेट्रोलियम, लोखंड. काढत गेलं की संपत जाणारी, आणि ज्याच्यासाठी देश एकमेकांशी भांडतात. दुसरी वाहती, म्हणजे पाणी, लाकूड, माणसाचे आणि बैलाचे श्रम. नीट वापरली तर पुन्हा पुन्हा मिळणारी. आज पुस्तकात नवीकरणीय आणि अनवीकरणीय असे शब्द येतात आणि मुलं त्यात अडखळतात. रांजण आणि झरा म्हणा, चटकन कळतं.

शेतीबद्दलही ते फार स्पष्ट होते. मलबारात भाताच्या जमिनीवर नारळ लावतात आणि तो नारळ साबणाच्या कारखान्यात जातो, म्हणजे जी जमीन भात देत होती ती आता साबण देते, असं ते दाखवून देत. एक लाख लोकांना वर्षभर धान्य, डाळी, तेल, गूळ, दूध, भाजी आणि कपड्यासाठी कापूस किती लागेल, आणि त्यासाठी कोणत्या पिकाला किती एकर द्यावी लागेल, याचा तक्ताच त्यांनी मांडला. आधी गावाची गरज, मग बाजार.

हे वाचताना आपल्या जिल्ह्याचा विचार येतोच. इंग्रजांच्या काळात हिंगणघाटचा कापूस नावाजलेला होता, आणि या भागातून रेल्वे आली तीही मुख्यतः कापसासाठी. आज कापसाबरोबर सोयाबीन आलं. ज्वारी आणि जवस शेतातून कमी होत गेलं, ज्या घरात शेत आहे त्या घरात ज्वारी विकत आणतात. बाजारात भाव पडला की त्या घराचं काय होतं, हे आपल्या वर्गातल्या मुलांना कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त माहीत आहे. कुमारप्पांचे सगळे उपाय आज जसेच्या तसे लागू पडतील असं मी म्हणत नाही. यंत्राबद्दल त्यांचा हट्ट काही वेळा जरा जास्तच वाटतो. पण त्यांचा प्रश्न अजून तसाच उभा आहे, आणि तो मुलांना विचारू न देणं बरोबर नाही.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या जमीन सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. तिचा अहवाल 1949 मध्ये आला. दिल्लीत मोठं पद त्यांनी धरून ठेवलं नाही. ते आपल्याच जिल्ह्यात सेलडोहला गेले. तिथं पन्नई आश्रम काढून समतोल शेतीचे प्रयोग केले. पन्नई म्हणजे तमिळमध्ये शेत. सेलू तालुक्यातल्या शिक्षकांनो, हे नाव तुमच्या मुलांना माहीत असायला हवं. तब्येत ढासळल्यावर ते तमिळनाडूत मदुराईजवळच्या कल्लुपट्टीला गेले. लग्न त्यांनी केलं नव्हतं. 30 जानेवारी 1960 रोजी त्यांचं निधन झालं. गांधीजींच्या पुण्यतिथीचाच तो दिवस.

आता वर्गात काय करता येईल? मी चौथीला एक साधा तक्ता करायला देते. वहीच्या पानावर मधोमध रेघ. डावीकडे आपल्या गावातून बाहेर जाणाऱ्या वस्तू, उजवीकडे बाहेरून गावात येणाऱ्या. मुलं आई-बाबा, आजी, किराणा दुकानदार, दूध डेअरीवाले काका यांना विचारून आठवडाभरात भरतात. डावी बाजू चार-पाच नावांत संपते. कापूस, सोयाबीन, तूर, दूध. उजवी बाजू पानाच्या मागे जाते. मग नकाशा काढायचा आणि प्रत्येक वस्तू कुठून आली तिथं बाण काढायचा. तेल, साबण, कपडा, बियाणं, औषध, मोबाईल. दिशा, अंतर, प्रमाण, वाहतूक हे सगळं याच एका पानावर शिकवून होतं.

पालकहो, तुमच्या मुलाने हा तक्ता घरी आणला तर त्याला बाजाराच्या दिवशी सोबत न्या आणि दुकानदाराला त्यालाच विचारू द्या. विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात किती खाली जातं तेही त्याच्याकडून दोरीने मोजून घ्या, तुम्ही जवळ उभे राहून. तो आकडा त्याने वहीत तारखेसह लिहावा. पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा मोजता येईल.