समतोल न साधलेला संसार

साखर पाण्यात घालत गेलं, की एका टप्प्यावर ती तळाशी तशीच उरते. वाटतं, सगळं थांबलं. पण मैत्रिणींनो, तसं नसतं. जेवढी साखर विरघळते, तेवढीच पुन्हा तळाशी येऊन बसते. दोन्हीकडून काम सारखंच चालू, म्हणून वरवर शांत. रसायनशास्त्रातला समतोल तो हाच. तो शिकवताना मला हटकून क्लारा इमरवार आठवायची.

क्लाराचा जन्म १८७० चा, ब्रेस्लाऊजवळचा. आज हे शहर पोलंडमध्ये आहे. मुलींना विद्यापीठाची दारं सहज उघडत नव्हती, तेव्हा ही परवानग्या मिळवत शिकली. पारा, शिसं, तांबं यांचे जेमतेम विरघळणारे क्षार हा तिच्या प्रबंधाचा विषय. १९०० मध्ये तिला डॉक्टरेट मिळाली. त्या विद्यापीठात रसायनशास्त्रात ती मिळवणारी ती पहिली स्त्री.

पुढच्याच वर्षी तिने फ्रिट्झ हाबरशी लग्न केलं. १९०२ मध्ये मुलगा झाला आणि प्रयोगशाळा सुटली ती सुटलीच. राहिली ती बायकांसमोर दिलेली घरगुती रसायनशास्त्रावरची व्याख्यानं आणि नवऱ्याच्या कामातली मदत. १९०५ चं पुस्तक त्याने तिलाच अर्पण केलं.

हाबर झुंजत होता तो समतोलाशीच. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया करायचा, तर उष्णता वाढवली की तो पुन्हा फुटतो; कमी केली की क्रिया रेंगाळते. त्याने दाब जवळजवळ २०० पट वाढवला, वेग यावा म्हणून उत्प्रेरक वापरला आणि तयार झालेला अमोनिया सतत बाजूला काढला. १९०९ मध्ये ते जमलं. पुढे जगाला खत मिळालं.

त्याच वर्षी क्लाराने आपल्या जुन्या मार्गदर्शकांना पत्र लिहिलं. फ्रिट्झने या आठ वर्षांत जे कमावलं, तेवढंच, किंबहुना जास्तच, आपण गमावलं, असा त्याचा आशय. मला हे वाचून गलबलून येतं. एवढी हुशार बाई, पण घरात सगळा ओघ एकाच दिशेने!

२२ एप्रिल १९१५ ला ईप्रच्या रणांगणावर हाबरच्या देखरेखीखाली क्लोरीन वायू सोडला गेला. २ मेला क्लाराने स्वतःचं आयुष्य संपवलं. ती ४४ वर्षांची होती. यामागे एकच कारण होतं, असं मी म्हणणार नाही.

हाबरला १९१८ चं नोबेल मिळालं. १९३४ मध्ये तो गेला. त्याच्या इच्छेनुसार पुढे क्लाराच्या अस्थी बाझलला त्याच्याशेजारी ठेवल्या गेल्या. जिवंतपणी तिला हवी होती ती शेजारची जागा प्रयोगशाळेतली होती.