डॉक्टर आनंदीबाई जोशी

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे झाला. नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. म्हणजे माझ्यापेक्षा लहान! पती गोपाळराव पोस्टात नोकरीला होते. त्यांनी आनंदीबाईंना शिकवले.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला, पण दहा दिवसांतच बाळ गेले. त्या काळी बायका पुरुष डॉक्टरांना दुखणे सांगायला लाजायच्या. म्हणून आपणच डॉक्टर व्हायचे असे त्यांनी ठरवले.

पण शिकायचे कुठे? मद्रासला बायकांना घेत होते, पण तिथले शिक्षण त्यांना अपुरे वाटले. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात खास स्त्रियांचे वैद्यकीय कॉलेज होते. तेच त्यांनी निवडले. परदेशी गेले की धर्म बुडतो, असे लोक म्हणायचे. त्यांनी श्रीरामपूरला भर सभेत आपण का जातो ते सांगितले. हे श्रीरामपूर बंगालातले. १८८३ साली त्या कलकत्त्याहून बोटीने गेल्या. गोपाळराव बरोबर नव्हते.

१८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूकही झाली. पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यात वारल्या. वय बावीससुद्धा नव्हते. मला फार वाईट वाटले.

आमच्या आरोग्य केंद्रात बाई डॉक्टर आहेत. माझी आई त्यांना सगळे दुखणे सांगते, लाजत नाही.