पाउल श्नायडर : सण आणि ध्वज

धर्मसण आणि राष्ट्रोत्सव यांची सरमिसळ झाली, की उपासनेचा धनी कोण, हा प्रश्न उभा राहतो. जर्मन पाळक पाउल श्नायडर यांनी त्याचे उत्तर प्राणांनिशी दिले. १८९७ साली जन्मलेल्या श्नायडर यांना देशाचे वावडे नव्हते. पहिल्या महायुद्धात लढून त्यांनी आयर्न क्रॉस हे पदक मिळविले होते. १९३४ पासून ते डिकेनशीड या खेड्यातील प्रॉटेस्टंट मंडळीचे पाळक होते.

सुगीच्या उपकारस्तुतीचा सण नाझी राजवटीने राष्ट्रीय महोत्सव केला होता. १९३७ साली हद्दपारीचा हुकूम मोडून श्नायडर नेमके त्या सणाला परतले, उपासना चालविली आणि त्याच दिवशी पकडले गेले. बुखेनवाल्डच्या छळछावणीत २० एप्रिल १९३८ रोजी, हिटलरच्या वाढदिवशी, कैद्यांना नाझी ध्वजापुढे टोप्या काढण्याचा हुकूम झाला. श्नायडर यांनी टोपी काढली नाही. फटके आणि एकांतकोठडी वाट्याला आली. सहबंदीजनांच्या आठवणींनुसार, ईस्टरच्या दिवशी त्याच कोठडीच्या खिडकीतून त्यांनी पुनरुत्थानाची घोषणा केली.

१८ जुलै १९३९ रोजी औषधाची घातक मात्रा टोचून त्यांना मारण्यात आले. मोहोरबंद शवपेटी पत्नीच्या स्वाधीन झाली. पहारा असूनही डिकेनशीडच्या दफनविधीला अनेक पाळक उपस्थित राहिले.