औषधांशी वैर धरलेला बेनेडिक्ट लुस्ट

आई दोन महिन्यांसाठी एडिसनला आली आहे. परवा सिएटलच्या भाचीशी फोनवर बोलताना तिला कळलं, की भाचीची डॉक्टर नॅचरोपॅथ आहे आणि थायरॉइडची गोळी तिनंच लिहून दिली आहे. आईला हे काही पटेना. तिचा जन्म पुण्यात गेलेला. निसर्गोपचार म्हणजे उरुळी कांचन, पोटावर मातीची पट्टी, एनिमा आणि उकडलेल्या भाज्या. त्यात गोळी कुठून आली? मग तिला बेनेडिक्ट लुस्टची गोष्ट सांगितली. तो आमच्या न्यू जर्सीचाच म्हणायचा.

लुस्टचा जन्म १८७२ चा, जर्मनीतल्या बाडेन प्रांतातला. विशीत तो नशीब काढायला अमेरिकेत आला आणि इथे त्याला क्षयानं गाठलं. तेव्हा क्षय म्हणजे निरवानिरवच. परदेशात आजारी पडलेला माणूस जे करतो तेच त्यानं केलं, घर गाठलं. तिकडे व्योरिसहोफेन गावात सेबास्टियन क्नाइप नावाचे कॅथलिक पाद्री थंड पाण्याचे उपचार करत. दवात अनवाणी चालणं, साधं जेवण, वनस्पतींचे काढे. लुस्ट तिथे राहिला आणि खडखडीत बरा झाला. १८९६ मध्ये तो पुन्हा न्यूयॉर्कला आला तो क्नाइपचा प्रचारक होऊनच.

त्यानं दुकान काढलं, मासिक काढलं, १९०१ मध्ये शाळा काढली. ‘नॅचरोपॅथी’ हा शब्दही त्याचा नाही बरं का! जॉन शील नावाच्या न्यूयॉर्कच्याच एका उपचारकाकडून त्यानं तो चक्क विकत घेतला. बटलर गावात डोंगराच्या कुशीत त्यानं ‘युंगबोर्न’ हे आरोग्यधाम चालवलं. त्याची बायको लुईसा स्वतः निसर्गोपचारक होती. तिच्या पैशाशिवाय आणि कष्टांशिवाय हे उभं राहिलं नसतं, पण नाव मात्र त्याचंच झालं.

युंगबोर्न हे नाव जर्मनीतल्या अडोल्फ युस्टच्या आश्रमावरून घेतलेलं. युस्टचं ‘रिटर्न टू नेचर’ हे पुस्तक लुस्टनं इंग्रजीत आणलं. हेच पुस्तक गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचलं आणि मातीच्या पट्ट्यांचे प्रयोग सुरू केले. १९४६ मध्ये उरुळी कांचनला आश्रम निघाला. म्हणजे आईच्या मातीच्या पट्टीचा एक धागा बटलरपर्यंत येतो. हे ऐकून ती जरा खूश झाली.

लुस्टचं औषधांशी हाडवैर होतं. गोळ्या नकोत, लस नको, शस्त्रक्रिया शक्यतो नको. परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून त्याला अनेकदा पकडलं, दंड झाले. पुढे त्यानं वैद्यकाची पदवीही मिळवली, पण मत बदललं नाही. माणूस जिद्दीचा, तरी लशीच्या बाबतीत तो चुकला असंच मी म्हणेन. स्वतःचा क्षय बरा झाला याचा त्यानं सगळ्यांसाठी नियम केला. आणि गंमत बघा, क्षयावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडलं ते याच न्यू जर्सीत, रटगर्स विद्यापीठात, आमच्या घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर. लुस्ट तेव्हा हयात होता. ५ सप्टेंबर १९४५ ला तो गेला.

त्याच्यामागे पंथ जवळजवळ विझला. नवी औषधं इतकी गुणकारी निघाली, की थंड पाण्याकडे बघतो कोण? १९५६ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडला नवं कॉलेज निघालं आणि पुन्हा धुगधुगी आली. आता त्याच वारसांना प्रिस्क्रिप्शन लिहायचं आहे. ओरेगनमध्ये त्यांना बरीच मोकळीक आहे. कॅलिफोर्नियात हार्मोनसारखी थोडी औषधं सोडली तर एम. डी. डॉक्टरची देखरेख लागते. वॉशिंग्टन राज्यात साधी औषधं चालतात, पण नियंत्रित औषधांपैकी कोडीन आणि टेस्टोस्टेरॉन एवढीच. ही यादी वाढवावी म्हणून विधेयकं आली. त्यांचं म्हणणं असं, की रुग्णाची गोळी कमी करायची तरी ती लिहिण्याचा हक्क हवा, आणि फॅमिली डॉक्टर मिळतात कुठे? एम. डी. मंडळी विचारतात, की बहुतेक राज्यांत रेसिडेन्सीची सक्ती नसताना जोखमीची औषधं हातात कशी द्यायची? आपल्याकडे होमिओपॅथांच्या एक वर्षाच्या फार्माकॉलॉजी कोर्सवरून चाललेलं भांडण आठवलं ना?

माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. थायरॉइडची गोळी ठीक, पण वेदनाशामकांच्या व्यसनानं या देशात काय झालं ते आपण पाहिलंय. आईचं मत वेगळंच. लुस्टनं आयुष्यभर दंड भरले ते औषध न देण्यासाठी, मग त्याचं नाव तरी सोडा म्हणावं या लोकांना.

भाचीला मात्र तिनं पुन्हा फोन करून गोळी चुकवू नकोस म्हणून बजावलं. शनिवारी तिला बटलरला घेऊन जातोय. तासाभराचा रस्ता आहे, ती डबा भरून घेणार आहे.