वाटेगावहून चिरागनगरला

मुंबईत बदली झाली किंवा नवी नोकरी लागली, की घरात पहिला विषय निघतो तो जागेचा. अंधेरी बरी की मुलुंड? बोरिवलीला हवा चांगली, पण रोजच्या लोकलचे काय? घाटकोपरला मेट्रो मिळते, पण तिथले भाडे झेपेल का? पाणी किती वेळ येते, शाळा जवळ आहे का, स्टेशनपासून पायी किती मिनिटे, डिपॉझिट किती, असे प्रश्न कागदावर मांडून, चार ठिकाणी जागा पाहून, वडीलधाऱ्यांचा सल्ला घेऊन मध्यमवर्गीय माणूस बिऱ्हाड थाटतो. बँकेतल्या नोकरीत अशा कागदांशी माझा बराच संबंध आला. जागेची निवड म्हणजे उत्पन्न आणि अंतर यांचा हिशेब, असे तिथे बसून वाटू लागते.

पण या शहरात आलेल्या लाखो माणसांनी जागा अशी निवडलेली नाही. त्यांच्यापुढे एकच प्रश्न असे: मुंबईत आपल्या ओळखीचे कोण आहे? गाववाला जिथे राहतो तिथे पथारी टाकायची, काम मिळाले की कामाच्या जवळ सरकायचे आणि जमले तर पुढे एखादी खोली करायची. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळी अशाच भरल्या आणि पुढे उपनगरांतल्या वस्त्याही अशाच वसल्या. हे सगळे ज्याने स्वतः भोगले आणि भोगून लिहिलेही, असा मराठीतला मोठा लेखक म्हणजे अण्णा भाऊ साठे. त्यांच्या आयुष्यातले पत्ते एकापुढे एक मांडले, तरी मुंबईचा अर्ध्या शतकाचा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावचा. हे गाव आजच्या सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात येते. खरे नाव तुकाराम, वडील भाऊराव, आई वालुबाई. मांग समाजावर तेव्हा इंग्रजांच्या कायद्याने गुन्हेगार जमातीचा शिक्का मारलेला होता. गावात घर होते तेही गावकुसाबाहेर. म्हणजे कुठे राहायचे हे ठरवण्याचा अधिकार या मुलाला जन्मापासूनच नव्हता. ते जातीने आधीच ठरवून टाकले होते. शाळेशी संबंध आला तो नावापुरता. वडील मुंबईत गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांवर माळीकाम करत. दुष्काळ आणि कर्ज यांनी गावात राहणे अशक्य झाले, तेव्हा १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला हे कुटुंब मुंबईला निघाले. रेल्वेच्या तिकिटाला पैसे नव्हते. वाटेत मिळेल ते काम करत, मिळेल ते खात, सुमारे साडेतीनशे किलोमीटरची वाट त्यांनी पायी तुडवली. मुलाचे वय तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांचे.

मुंबईतला पहिला निवारा मिळाला तो भायखळ्याच्या चांदबीबीच्या चाळीत. आजूबाजूला गिरण्या, कारखाने, मजुरांची गर्दी. त्या काळी मजुरासाठी सरकारने बांधलेले घर म्हणजे बीडीडी चाळी. नायगाव, वरळी, शिवडी आणि ना. म. जोशी मार्गावरच्या त्या २०७ इमारतींत एकेक खोली साधारण १६० चौरस फुटांची. आज आपल्याला ती कोंदट वाटेल, पण गावाहून आलेल्या बहुतेकांना तीसुद्धा मिळत नसे. अण्णा भाऊंनी हमाली केली, फेरीवाल्याचे ओझे वाहिले, पुढे गिरणीतही काम केले. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचता वाचता. शाळेने जे दिले नाही, ते या वस्तीने दिले. मजुरांच्या सभा, मोर्चे, लाल झेंडा यांची ओळखही इथेच झाली. गिरणीतले काम सुटल्यावर ते गावी परतले, नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात रमले. पुढे १९४२च्या चळवळीचे वारे अंगात घेऊन पुन्हा मुंबईची वाट धरली.

या वेळी पत्ता होता माटुंग्याचा लेबर कॅम्प. धारावीच्या कडेची ही कामगारवस्ती. घाण, दलदल आणि डास यांनी ती गाजलेली. पण तिथे कामगार चळवळीतली माणसे राहत होती आणि नव्या माणसाला हाताशी धरण्याची तिथे रीत होती. अण्णा भाऊंचे सुरुवातीचे एक काव्य याच कॅम्पातल्या डासांवरचे आहे. घरात सुखाने झोप लागत नाही म्हणून माणूस घरमालकाकडे तक्रार करतो. ज्याला घरमालकच नाही, त्याने पोवाडा रचला! स्तालिनग्राडच्या पोवाड्याने त्यांचे नाव सर्वदूर झाले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. चांगली वस्ती कोणती, याचे उत्तर फक्त नळ आणि गटार पाहून देता येत नाही. आपल्या अंगातला गुण ओळखणारी माणसे शेजारी आहेत का, हेही पाहावे लागते. लेबर कॅम्पाने अण्णा भाऊंना शाहीर केले.

त्यानंतरचा पत्ता घाटकोपरचा. घाटकोपर पश्चिमेच्या चिरागनगर झोपडपट्टीत अण्णा भाऊ सुमारे दोन दशके राहिले. घाटकोपर हा बृहन्मुंबईचा भाग झाला १९५० साली. त्याआधी ते शहराच्या हद्दीबाहेरचे, डोंगर आणि खाडी यांच्या मधले उपनगर होते. जवळ आग्रा रोड, हाताशी मध्य रेल्वे, कुर्ल्याला स्वदेशी मिल, विक्रोळीला गोदरेजचा कारखाना. काम होते, पण कामगाराला परवडेल असे घर नव्हते. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंना संरक्षण मिळाले, पण नव्याने येणाऱ्याला पागडी मोजल्याशिवाय चाळीतली खोली मिळणे कठीण होऊन बसले. ज्याच्याकडे पागडी नाही, त्याने पत्रे, बांबू आणि गोणपाट गोळा करून मोकळी जमीन गाठायची. उपनगरांतल्या किती वस्त्यांचा जन्म असा झाला असेल!

या झोपडीत अण्णा भाऊंचा संसार होता. जयवंताबाई होत्या, शांता आणि शकुंतला या मुली होत्या. इथल्या वास्तव्यातच ‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्यांच्या ‘वैजयंता’ कादंबरीवरचा चित्रपट आला आणि त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. जगातल्या एका महासत्तेचा पाहुणचार घेऊन लेखक परतला तो घाटकोपरच्या झोपडीत. तीसहून अधिक कादंबऱ्या, कथा, लोकनाट्ये, पोवाडे असा हा संसार. पण त्यातून चार भिंतींचे पक्के घर काही उभे राहिले नाही.

त्यांच्या लेखनात मुंबईची जागा पुन्हा पुन्हा येते. मलबार हिलची श्रीमंती आणि मजुरांची खुराडी त्यांनी ‘मुंबईची लावणी’त समोरासमोर उभी केली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजलेली ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड आपण सीमाभागाच्या विरहाची म्हणून ऐकतो. पण तिच्या मुळाशी मुंबईत जागा नाही म्हणून बायको गावी ठेवून आलेल्या हजारो कामगारांचे दुःख आहे. ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा तर वारणाकाठचा पैलवान गडी. मुंबईच्या शहरात त्याला काम मिळत नाही, म्हणून तो जंगलाला लागून असलेल्या उपनगरातल्या वस्तीत येतो, कारण तिथल्या खाणीत काम मिळते. खाण बंद पडते आणि जगण्यासाठी तो मसणवटा उकरू लागतो. त्यात तो हाताची बोटे गमावतो आणि नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. कामासाठी निवडलेल्या जागेवरून काम निघून गेले की माणसाचे काय होते, हे या एका कथेइतके स्पष्ट मी कुठल्याही अहवालात वाचलेले नाही.

अण्णा भाऊंना झोपडीचे प्रेम होते, म्हणून ते तिथे राहिले, असे पुष्कळदा कौतुकाने बोलले जाते. ते मला अर्धेच खरे वाटते. वस्तीतल्या माणसांवर त्यांचा जीव होता, त्या माणसांतूनच त्यांच्या कथा आल्या. ‘चिरागनगरची भुतं’ हे नाव उगाच सुचलेले नाही. पण गळणारे छप्पर, सार्वजनिक नळावरची रांग आणि शौचालयाची गैरसोय यांवर कुणाचे प्रेम नसते. ते सोसण्याचे कौतुक केले, की ते दूर करण्याची जबाबदारी आपल्या अंगावरून सरकते. घरातल्या बाईला विचारले, तर ती पहिल्यांदा पाण्याविषयी बोलेल.

पक्की जागा शेवटी मिळाली ती १९६८च्या सुमारास, गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, शासनाने दिलेली. पण माणूस थकलेला, प्रकृती खालावलेली, पैशाची चणचण तशीच आणि वीस वर्षांचा शेजार मध्य रेल्वेवर राहिलेला. घाटकोपर आणि गोरेगाव यांत नकाशावर फारसे अंतर नाही. आजारी माणसाला मात्र ते फार होते. याच घरात १८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊंचे निधन झाले. वयाची एकोणपन्नास वर्षेही पुरी झाली नव्हती.

माझ्यासारख्या बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला पुढची तारीख विसरता येत नाही. दुसऱ्याच दिवशी, १९ जुलै १९६९ रोजी, देशातल्या चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. बँक आता सामान्य माणसाच्या दारात जाईल, असे तेव्हा सांगितले गेले. ती गेलीही, नाही असे नाही. पण घरासाठी कर्ज मागणाऱ्याला पगाराचा दाखला लागतो, जागेचे कागद लागतात. हमाल, फेरीवाले, नाका कामगार यांच्याकडे ते कागद नसतात. १९७१च्या झोपडपट्टी कायद्याने आणि १९९५ नंतरच्या पुनर्वसन योजनांनी काहींना पक्की घरे मिळाली; काहींची प्रतीक्षा पिढी उलटली तरी संपलेली नाही.

२००२ साली अण्णा भाऊंचे टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. हयातीत ज्या लेखकाची पत्रे घाटकोपरच्या एका झोपडीत येत, त्याचे चित्र लावून आता पत्रे देशभर गेली. हा मान मोठाच आहे. पण त्यांचे वाचक म्हणून आपल्याला जमेल अशी एक लहान गोष्टही आहे. आपण अंधेरीत किंवा मुलुंडमध्ये चांगला ब्लॉक शोधत असतो, तेव्हा आपल्या घरी धुण्याभांड्याला येणारी बाई, इमारतीचा वॉचमन, पहाटे पेपर टाकणारा मुलगा हेही जवळपास कुठेतरी जागा शोधत असतात. ती त्यांना कुठे आणि कशी मिळते, हे एकदा त्यांना विचारून पाहावे. वाटेगावहून पायी निघालेल्या त्या मुलाला हे कुणी विचारल्याचे दिसत नाही.